मंडळाची अँब्युलन्स का सुरू झाली नाही

"हरेश्वरभाऊ, हत्यारं घ्या आणि चला. बारा वाजता आमच्या ह्यांना मारतील."

मंजुळा गॅरेजच्या दारात धापा टाकत उभी होती. सकाळचे साडेनऊ झाले होते.

हरेश्वर वैती टॅक्सीखालून बाहेर आला. मूळचा वरळी कोळीवाड्यातला. आधी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, मग लालबागमध्ये गॅरेज टाकून गाड्यांच्या मागे लागला. हात चांगला, तोंड मात्र भयंकर. गिऱ्हाईक खोटं बोललं की तो त्याची गाडी अर्धी उघडी टाकून चहा प्यायला निघून जायचा.

"कोण मारणार दगडूला?"

"सगळी चाळ. म्हणतात, अँब्युलन्स ह्यांनीच बिघडवली. बाराला सभा आहे. रामू लोखंडी सळई घेऊन बसलाय."

काय घडलं होतं ते हरेश्वरच्या कानावर कालच आलं होतं. गिरणीसंपाला वर्ष होत आलेलं. संपाच्या पाठिंब्यासाठी काल सगळी मुंबई बंद होती. बस नाही, टॅक्सी नाही. पहाटे रामूच्या बायकोला, शेवंतीला, कळा सुरू झाल्या. रक्त जायला लागलं. चाळीच्या मंडळाची अँब्युलन्स दारात उभी होती आणि ती चालवणारा दगडूही हजर होता. पण गाडी सुरू झाली नाही. अर्धा तास स्टार्टर मारला, मग धक्का मारला, मग हातगाडी शोधली. शेवंतीला हातगाडीवर घालून परळच्या इस्पितळात नेलं तेव्हा तासभर उलटला होता. बाई वाचली. मूल गेलं.

"अर्धा तास आधी आणायचं होतं," असं डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य कालपासून चाळीत दारोदार फिरत होतं.

हरेश्वरच्या कपाळाची शीर ताठ झाली. चारच दिवसांपूर्वी ही गाडी त्यानं स्वतः ट्यून करून दिली होती. मंडळाची म्हणून मजुरीसुद्धा घेतली नव्हती. एका हाकेला उठणारी गाडी अशी मरते कशी?

त्यानं एक भरलेली बॅटरी खांद्यावर घेतली आणि हत्यारांची पिशवी मंजुळाच्या हातात दिली.

"चल."

*

अँब्युलन्स मंडळाच्या पत्र्याच्या शेडसमोर उभी होती. जुनी पेट्रोलची गाडी, मागून लांब करून घेतलेली. फूटबोर्डवर रामू बसला होता. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नाहीत, म्हणून तो काल दुपारपासून इथून हलला नव्हता. डोळे लाल, मांडीवर सळई.

"हात लावायचा नाय," रामू म्हणाला. "पुरावा आहे हा."

"कसला पुरावा?"

"टाकीत साखर टाकल्याचा."

"साखर टाकताना पाहिलीस?"

"सगळे बोलतात."

"सगळ्यांना गाड्या कळतात, मला तेवढी कळत नाही," हरेश्वर म्हणाला. "काल दुपारपासून कोणी गाडीजवळ आलं होतं?"

"कोणाची हिंमत आहे?"

"तेवढं एक काम बरं केलंस. आता उठ. तुझ्या पोराचा जीव कशानं गेला ते तुला कळायला हवं की नको?"

रामूनं सळई उचलली. मग बाजूला झाला.

हरेश्वरनं बॅटरी बदलली. दगडूला समोर बोलावलं. चाळिशीचा माणूस, साचेखात्यात वीस वर्षं विणकाम केलेला. गालावर बोटांचे वळ होते. कोणीतरी बाराची वाट न बघताच हात धुवून घेतले होते.

"गाडी शेवटची कधी चालली?"

"बंदच्या आदल्या संध्याकाळी. सातला इथे आणून लावली."

"तेव्हा काही कुरकुर?"

"काय नाय. मस्त चालली."

"किल्ली?"

"माझ्याकडे. दुसरी नाय."

घोळक्यातून कोणीतरी ओरडलं, "बघा! स्वतःच कबूल करतोय!"

हरेश्वर वळलाही नाही. दगडूनं किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, इंजिन घुमलं, पण पेट घेतला नाही. म्हणजे स्टार्टरचा दोष नव्हता. मग हरेश्वरनं टाकीतून नळीनं थोडं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढलं आणि उन्हात धरलं. पेट्रोल स्वच्छ होतं.

"साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही," तो घोळक्याकडे ग्लास नाचवत म्हणाला. "असती तर बुडाशी बसली असती. दिसतेय कुणाला? ज्यानं साखर सांगितली त्यानं आधी आपल्या चहात बघावं."

त्यानं एक प्लग काढला. तो ओला होता, म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचत होतं. प्लगची वायर इंजिनच्या लोखंडाजवळ धरून दगडूला पुन्हा किल्ली मारायला सांगितली. एक ठिणगी पडायला हवी होती. पडली नाही.

पेट्रोल आहे, ठिणगी नाही. मग दोष डेल्कोत. ठिणगी वाटून देणारा हा डबा इंजिनच्या कडेला असतो, वर दोन क्लिपांची टोपी. हरेश्वरनं क्लिपा सोडून टोपी काढली. आतला रोटर, ठिणगी फिरवणारा तुकडा, जागेवर होता. एकही वायर तुटलेली नव्हती. मग त्याची नजर पॉइंटवर गेली. मिटतात आणि उघडतात अशा या दोन इवल्या धातूच्या टिकल्या. त्या मिटल्याशिवाय ठिणगी जन्मत नाही. आत्ता त्या मिटायला हव्या होत्या, पण मधे काहीतरी तपकिरी दिसत होतं.

घोळक्याकडे पाठ करून त्यानं ते चिमट्यानं ओढलं. बोटाच्या पेराएवढी खाकी कागदाची पट्टी. तीन घड्या घातलेली, कडा नखानं दाबलेली, तेल चोळलेली.

ती त्यानं मुठीत झाकली.

"सापडलं काय?" घोळक्यातून पुढे येत गणपतनं विचारलं.

गणपत या चाळीचा पुढारी. संपाच्या पहिल्या दिवसापासून कोणाच्या घरी पीठ संपलं, कोणाला तुरुंगातून सोडवायचं, कोण गिरणीत परत जायच्या विचारात आहे, सगळं त्याला ठाऊक. बायका त्याला ओवाळायच्या. आजची सभाही त्यानंच बोलावली होती.

"नाही अजून," हरेश्वर म्हणाला. "मला तासभर दे. माणसांशी बोलायचंय."

"बाराला सभा."

"मला घड्याळ कळतं रे. लहान नाही मी."

*

शेडच्या मागे जाऊन त्यानं मंजुळापुढे मूठ उघडली.

"हे काय आहे?"

मंजुळानं पट्टी उचलली, घड्या बघितल्या, वास घेतला आणि तिचा चेहराच बदलला.

"कुठे मिळाली?"

"आधी सांग, काय आहे."

"हे ड्रॉइंगवाल्यांचं काम. गिरणीच्या वायंडिंग खात्यात सूत गुंडाळताना बारा वर्षं मी त्या लोकांच्या नावानं बोटं मोडलीत." रागानं तिचे शब्द भराभर येऊ लागले. "ड्रॉइंग खात्यात कापसाची जाड वात दोन रुळांमधून जाते. वात तुटली की रूळ एकमेकांना चिकटतात, करंट लागतो आणि मशीन आपोआप थांबतं. थांबलं की कामगाराचा माल कमी, मजुरी कमी. मग हे लोक काय करतात? तेलाचा कागद तीन घड्या घालून मधे सारतात. एक घडी फाटते ना. वात तुटो नायतर राहो, मशीन चालूच. सूत कुठे जाड, कुठे बारीक, आणि पुढे आमच्या हाताला तुटतं. अशा दोन पट्ट्या मी स्वतः मुकादमाला नेऊन दाखवल्यात."

"या चाळीत ड्रॉइंगवाले किती?"

"तिघं. महादेवमामा, पण ते शिमग्यापासून गावाला आहेत. रामू. आणि गणपतभावोजी."

हरेश्वरनं पट्टी परत घेतली.

"दगडूवर संशय का? नुसती किल्ली त्याच्याकडे म्हणून?"

मंजुळानं खाली पाहिलं. "माझा भाऊ आहे एक. तो गेल्या महिन्यात गिरणीत परत गेला. रविवारी इथे आला होता. ह्यांच्याबरोबर अँब्युलन्समध्ये पुढे बसून अर्धा तास बोलला. सगळ्यांनी बघितलं."

"काय बोलला?"

"बंदच्या दिवशी अँब्युलन्स कोणी अडवत नाय, तर मागे पडदे लावून आठ माणसं गिरणीत पोचव म्हणाला. ह्यांनी त्याला गाडीतून ढकलून उतरवला. माझ्या सख्ख्या भावाला. पुन्हा दारात पाय ठेवू नको म्हणाले."

"हे चाळीत कोणाला सांगितलंत?"

"नाय. भावाचं नाव वर काढायचं कसं? त्याची हाडं मोडली असती लोकांनी."

"आता दगडूची मोडतील," हरेश्वर म्हणाला. "डोकं आहे की नाही तुम्हाला?"

मंजुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण उगाच खेकसलो हे त्याला कळलं, पण माफी मागायची सवय त्याला नव्हती.

*

राधाबाई पहिल्या मजल्यावर, अँब्युलन्सच्या बरोबर वर राहायची. पहाटे चारला उठून गॅलरीत बसायची.

"काल सगळं बघितलंत, आजी?"

"बघितलं नाय तर काय. डोळे गेले नाहीत अजून माझे."

"पहिलं गाडीपाशी कोण आलं?"

"दगडू. धावतच आला, चावी मारायला लागला. गाडी नुसती कण्हत होती."

"मग?"

"मग गणपत आला. तो बिचारा बाकी सगळ्यांच्या आधी पोचला. पुढचं झाकण आहे ना, दोरीनं बांधलेलं, त्याची दोरी सोडायला लागला."

बॉनेटची कडी महिन्यापूर्वी मोडली होती आणि तिथे सुतळी बांधलेली असायची, हे हरेश्वरला माहीत होतं. सोडायला किल्ली लागत नव्हती.

"सोडली?"

"अर्धी सोडली. तेवढ्यात संप समितीची पोरं आली, रामू आला, गलका झाला. मग गणपतनं पुन्हा गाठ मारली. म्हणाला, पेट्रोल नसेल, धक्का मारा. आणि स्वतःच मागे जाऊन खांदा लावला. पार पुलापर्यंत ढकलली आणि परत आणली. घामानं निथळत होता. ह्याला म्हणतात माणूस."

हरेश्वरनं आजीनं दिलेला चहाचा कप खाली ठेवला.

"आजी, आदल्या संध्याकाळी गाडी लावल्यावर तिथे कोण होतं?"

"दिवेलागणीला गणपत होता की. शेडमधले फलक बाहेर काढत होता. रोजचाच तो."

*

शेवटी तो गणपतकडे गेला. गणपत शेडमध्ये सतरंजी टाकत होता.

"गाडीतलं कळतं तुला?" हरेश्वरनं विचारलं.

"मला? छे. मी गिरणीतला माणूस."

"दगडूनं का केलं असेल रे हे?"

"मेव्हणा फितूर आहे त्याचा. रविवारी दोघांचं काय शिजलं ते मी डोळ्यानं बघितलं. बंदच्या दिवशी माणसं आत न्यायची होती त्यांना."

"मग गाडी बिघडवून कशी नेणार होता?"

गणपतनं सतरंजीचा कोपरा ओढला. "असेल काही. गद्दाराच्या पोटातलं मला काय ठाऊक?"

"खरं आहे," हरेश्वर म्हणाला. तिथेच त्याचं नरडं धरावं असं त्याला वाटलं. त्यानं हात खिशात घातले आणि तो बाहेर पडला. बॉनेट उघडून काढलेला प्लग बसवला, पट्टी होती तशीच पॉइंटमध्ये सारली, टोपी लावली, दोन्ही क्लिपा दाबल्या.

*

बारा वाजता शेडसमोर दीडशे माणूस जमलं. दगडूला मधे उभं केलं होतं. तो मान खाली घालून उभा होता. सकाळपासून त्यानं फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली होती.

गणपत बोलायला उठला, तसा हरेश्वर पुढे झाला.

"आधी मी. गाडी का बंद पडली ते तुम्हाला ऐकायचंय ना? की फक्त मारायचंय?"

पुढची माणसं खाली बसली.

"गाडीत साखर नाही. मोडतोड नाही. पॉइंटमध्ये कागदाची पट्टी आहे. ती आत असेपर्यंत ठिणगी पडत नाही. काढली की गाडी पुन्हा पहिल्यासारखी. ज्यानं हे केलं त्याला गाडी मोडायची नव्हती, एक दिवस उभी ठेवायची होती. म्हणून त्यानं टोपीसुद्धा नीट बसवली. आता मला सांगा, दगडूच्या खिशात किल्ली आहे. गाडी चालवायची नसती तर तो आजारी पडला असता, किल्ली हरवली म्हणाला असता. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला पट्टी कशाला लागते?"

हरेश्वरनं बॉनेटवर थाप मारली.

"मेकॅनिकनं केलं असतं तर त्यानं रोटर काढून खिशात टाकला असता. दोन सेकंदांचं काम. पट्टी सुचली ती रोज पट्टी सारणाऱ्या माणसाला. तीन घड्या, वर तेल. मंजुळावहिनी, हे कुठलं काम?"

"ड्रॉइंगचं," मंजुळा मोठ्यानं म्हणाली.

घोळक्यात कुजबूज झाली. गिरणीतल्या माणसांना जास्त सांगावं लागलं नाही.

"ड्रॉइंगवाले तुमच्याकडे तिघं. महादेवमामा गावाला. रामूची बायको पोटुशी, दिवस भरलेले. तो स्वतःच्या दारातली अँब्युलन्स बंद करेल? राहिला एक."

सगळ्यांच्या माना फिरल्या.

"खोटं आहे!" गणपत ओरडला. "हा बाहेरचा माणूस, मालकांनी पाठवलाय ह्याला!"

"मालकांनी पाठवलेला माणूस तुमची गाडी फुकट दुरुस्त करतो काय रे? काल पहाटे दगडूच्या मागोमाग, बाकी सगळ्यांच्या आधी तू इथे आलास. तुला गाडीतलं काही कळत नाही, तूच म्हणालास. मग तू बॉनेटची दोरी का सोडत होतास? राधाबाईंनी बघितलंय. आत काय आहे हे तुला ठाऊक होतं. शेवंतीचं नाव ऐकून तू धावलास, पट्टी काढायला. खरं की नाही?"

गणपतची नजर राधाबाईच्या गॅलरीकडे गेली.

"आणि मग माणसं आली. त्यांच्यादेखत डेल्को उघडायचा म्हणजे सगळ्यांना कळणार. पुढाऱ्याचं तोंड काळं होणार. म्हणून तू पुन्हा गाठ मारलीस." हरेश्वरचा आवाज चिरकला. "आणि धक्का मारलास! पुलापर्यंत! गाडी सुरू होणार नाही हे माहीत असून खांदा लावून ढकलत राहिलास, आणि शेवंती आत रक्तात पडली होती!"

गणपत खालीच बसला.

"मला वाटलं, दगडू माणसं आत नेणार," तो म्हणाला. "संप फुटला असता. एक दिवस, फक्त एक दिवस थांबवायची होती गाडी. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप काढणार होतो. संपासाठी केलं मी. देवाशप्पथ, संपासाठी."

"आणि दगडूवर ढकललंस ते कोणासाठी?"

"सांगितलं असतं तर मला मारला असता लोकांनी."

"हो," हरेश्वर म्हणाला. "मारला असता. आणि पोर जगलं असतं."

मंजुळा पुढे आली आणि रविवारी गाडीत काय घडलं ते तिनं भावाचं नाव घेऊन, एकही शब्द न गाळता सांगितलं. दगडूनं मेव्हण्याला कसं ढकलून उतरवलं तेही. सांगताना ती रडली नाही.

रामू सळई घेऊन उठला. माणसं मागे सरली. हरेश्वरनं त्याचा दंड धरला.

"थांब. आधी ह्याच्याकडून ती पट्टी काढून घे. त्याच्याच हातानं."

गणपतला धरून बॉनेटपाशी आणलं. दोरी सुटली, क्लिपा सुटल्या, टोपी निघाली, पट्टी बाहेर आली, टोपी पुन्हा बसली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. रामू शेजारी उभा राहून बघत होता. दगडू गाडीत चढला आणि त्यानं किल्ली फिरवली.

पहिल्याच फिरकीला इंजिन सुरू झालं.

रामूनं दोन्ही हातांनी कान झाकले. सळई कधी खाली पडली ते त्याला कळलंही नाही. मोठा माणूस, रस्त्यात उभा राहून ओक्साबोक्शी रडायला लागला.

समितीतला कोणीतरी गणपतची कॉलर धरून त्याला शेडमध्ये घेऊन गेला. एक जण दगडूच्या खिडकीपाशी आला. "दगडू, झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नको. आम्हाला काय माहीत?"

दगडूनं इंजिन चालूच ठेवलं आणि तो दाराबाहेर वाकला. कालपासून गिळलेला सगळा राग एकदम त्याच्या तोंडाशी आला.

"माहीत नव्हतं तर विचारायचं होतं!" तो गरजला. "वीस वर्षं राहतो मी हितं. काल सकाळपासून मला मारलंत, बायकोला शिव्या दिल्यात, सगळ्यांनी येऊन विचारलं, दगड्या, असं का केलंस? तू केलंस की नाय, हे एकानं तरी विचारलं? एकानं?"

खिडकीपाशी आलेला माणूस दोन पावलं मागे सरला. रामूनं वर पाहिलं. तो गाडीच्या दिशेनं एक पाऊल आला आणि थांबला.

दगडूनं त्याच्याकडे बघितलं. मग बाजूचं दार आतून ढकलून उघडलं.

"बस," तो म्हणाला. "शेवंती वाट बघत असेल."